जुन्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव : पैसे घ्यायचे कसे?

लिलाव चालू असताना विकणाऱ्याचं सगळं लक्ष आकड्यावर असतं. अडकित्ता ४,२०० ला गेला, ग्रामोफोन ३८,००० ला सुटला. मग खरेदीदार विचारतो, "पैसे कसे पाठवू?" आणि आपण आनंदात सांगून टाकतो, "कसेही पाठवा, चालेल." बहुतेक भानगडींची सुरुवात या "चालेल"पासून होते.

खात्यात पैसे येणं वेगळं आणि खात्यात पैसे राहणं वेगळं. नवा मोबाइल विकला तर वाद फार तर चालू-बंदचा होतो. जुन्या वस्तूचं तसं नाही. "जुनं म्हणून घेतलं, हे तर मुरादाबादचं नवं पितळ निघालं," ही तक्रार महिन्याभरानेसुद्धा येऊ शकते, आणि ती खरी की खोटी हे बँकेत बसलेल्या माणसाला फोटो बघून कळत नाही. शिवाय वस्तू एकच असते. परत आलेल्या खोक्यात आपलाच अडकित्ता आहे की त्याचा जुळा भाऊ, हे सिद्ध करणं आपल्याच गळ्यात पडतं. म्हणून पद्धत निवडताना कमिशन किती कापलं जाईल हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा: ही रक्कम किती दिवस परत ओढली जाऊ शकते? आणि या वस्तूवरून वाद होण्याची शक्यता किती?

आधी वस्तूचं वय

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ सालचा आहे. त्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी शिल्पं, नाणी, चित्रं, कारागिरीच्या वस्तू पुरावशेषात मोडतात. हस्तलिखितं आणि कागदपत्रांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणीही करावी लागते.

पैशाशी याचा थेट संबंध आहे. वस्तू १०० वर्षांपलीकडची असेल तर परदेशी पैसे घेण्याच्या सगळ्या सोयी तिच्यापुरत्या बाद. लिलावाच्या पानावर "फक्त भारतात पाठवणार" असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला आधी मिळवा आणि मगच परदेशी बोली स्वीकारा. पैसे घेऊन झाल्यावर पार्सल कस्टममध्ये अडकलं तर वस्तूही जाते आणि परतावाही आपल्यालाच द्यावा लागतो.

यूपीआय : सोपं, पण तीन खाचा आहेत

२०-२५ हजारांपर्यंतच्या व्यवहाराला यूपीआयसारखं दुसरं काही नाही. पैसे लगेच येतात, कमिशन कापलं जात नाही आणि तुमच्या खात्यावर आलेली रक्कम पाठवणाऱ्याला आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही.

पहिली खाच मर्यादेची. एका माणसाने दुसऱ्याला पाठवण्याची सर्वसाधारण मर्यादा १ लाख रुपये आहे, काही बँकांनी त्याहून कमी ठेवलेली असते. ज्याने फोन किंवा सिम नुकतंच बदललंय किंवा यूपीआय नव्याने सुरू केलंय, त्याला पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. तांब्याचा बंब न्यायला गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात उभं आहे, भाडं चालू आहे आणि त्याचं ॲप पैसे पाठवायला तयार नाही, हा प्रसंग मोठ्या वस्तूंच्या बाबतीत हमखास येतो. आदल्या दिवशीच त्याला १ रुपया पाठवायला सांगा. त्यातून त्याचं बँकेतलं नावही दिसतं. मोठी रक्कम जाईल का, हे त्याने आपल्या ॲपमध्ये बघून ठेवायचं.

दुसरी खाच स्क्रीनशॉटची. "पेमेंट सक्सेसफुल"चा हिरवा टिकमार्क आवाजासकट हुबेहूब दाखवणारी बनावट ॲप आहेत. बँकेच्या मेसेजसारखा मेसेज कुणीही आपल्या १० अंकी मोबाइल नंबरवरून पाठवू शकतो. म्हणून मेसेज बघायचा नाही, समोरच्याचा फोनही बघायचा नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खात्याचा उतारा उघडायचा आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक जुळवायचा. जुळला तरच वस्तू उचलू द्यायची.

तिसरी खाच जुनी आहे, तरी माणसं अजून अडकतात. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. "मी लष्करात आहे, आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी असते, तुम्ही हा कोड स्कॅन करा," असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

लिलावासाठी वेगळं बचत खातं उघडा आणि त्यावर मोबाइल नंबर दिसणार नाही असा यूपीआय आयडी घ्या. घरखर्चाचं खातं यात आणू नका. याचं खरं कारण पुढे येतंय.

मोठी रक्कम : आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस

आयएमपीएसने ५ लाखांपर्यंत रक्कम तत्काळ जाते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, पण दर अर्ध्या तासाच्या हप्त्याने. म्हणजे "पाठवले, दिसत नाहीत" यात लगेच संशय घेण्यासारखं काही नसतं, तासभर थांबा. आरटीजीएसला किमान रक्कम २ लाख लागते आणि तेही आता रात्री-सुट्टीला चालतं. खरेदीदाराने व्यवहार क्रमांक पाठवला की अक्षरं मोजा: एनईएफटीचा क्रमांक १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. कमी-जास्त असेल तर तो खोटा किंवा अर्धवट टाइप केलेला.

रोखीचा मोह पडतोच, विशेषतः गिऱ्हाईक घरी येऊन वस्तू नेणार असेल तर. आयकर कायद्याप्रमाणे एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. १ लाख आज आणि १ लाख पुढच्या आठवड्यात अशी वाटणी करूनही सुटका नाही, कारण व्यवहार एकच धरला जातो.

चेक घ्यायचाच असेल तर वटून पैसे जमा झाल्यावरच वस्तू हलवा. रविवारी संध्याकाळी हातात ठेवलेल्या डिमांड ड्राफ्टचंही तेच. तो खरा आहे की नाही, हे सोमवारी बँक उघडल्यावरच कळतं.

कार्ड आणि पेमेंट लिंक

रेझरपेसारख्या कंपनीकडून पेमेंट लिंक घेतली की खरेदीदार क्रेडिट कार्डाने पैसे भरू शकतो. बोली थोडी वर जाते हे खरं, कारण कार्डवाल्याचा हात सैल असतो. देशी कार्डावर कमिशन साधारण २ टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. ३८,००० च्या ग्रामोफोनवर ७६० रुपये कमिशन, १३६ रुपये ८० पैसे जीएसटी, हातात ३७,१०३ रुपये २० पैसे. पैसे खात्यात यायला दोनेक कामाचे दिवस लागतात.

पण खरा खर्च तो नाही. कार्डाने भरलेल्या पैशावर चार्जबॅक होऊ शकतो, म्हणजे खरेदीदार आपल्या कार्डाच्या बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागू शकतो. "वस्तू आलीच नाही" किंवा "सांगितली तशी नाही" या कारणांसाठी ही मुदत बहुतेक वेळा १२० दिवसांपर्यंत असते. तक्रार झाली की लिंक देणारी कंपनी, म्हणजे गेटवे, ती रक्कम तुमच्या पुढच्या जमेतून अडकवतो आणि पुरावा द्यायला मोजके दिवस देतो. निर्णय खरेदीदाराच्या बँकेच्या हातात. "आली नाही" अशी तक्रार असेल तर सहीनिशी पोचपावती दाखवून जिंकता येतं. "सांगितली तशी नाही" म्हटल्यावर पोचपावतीचा काडीचा उपयोग नाही. तिथे तुम्ही वर्णनात काय लिहिलं होतं, एवढंच बघितलं जातं.

ग्रामोफोनचंच बघा. पितळी कर्णा, चकचकीत पेटी, वर नामांकित कंपनीचा बिल्ला असे ग्रामोफोन चोर बाजारापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत सगळीकडे दिसतात. त्यातले बरेच जुन्या मोटारीवर नवी पेटी आणि नवा कर्णा बसवून उभे केलेले असतात. तुम्ही "१९३० सालचा अस्सल" असं लिहून कार्डावर पैसे घेतलेत, तर १२० दिवस तुमची झोप गेली समजा. त्याऐवजी असं लिहा: "चावीची मोटार चालू, पेटी व कर्णा नंतर बसवलेले असण्याची शक्यता, बिल्ला खरा असल्याची हमी नाही." बोली थोडी खाली येईल, पण आलेली रक्कम टिकेल.

मनगटी घड्याळांचीही तीच गत. जुन्या एचएमटीच्या नावाखाली डायल पुन्हा रंगवलेली, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडलेली घड्याळं भरपूर फिरतात. मागचं झाकण उघडून यंत्राचा फोटो टाकला नसेल, तर कार्ड घेऊच नका.

उलट बाजूने, ज्या वस्तूचं वर्णन वजन-मापात बसतं तिला कार्ड चालतं. ब्रिटिशकालीन चांदीच्या रुपयाचं प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम. वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा, आकडा दिसेल असा फोटो, दोन्ही बाजूंचे फोटो आणि व्यास एवढं दिलं की वादाला फारशी जागा उरत नाही. वापरातली समई किंवा घंगाळ "जुनं, वय माहीत नाही, वजन ३ किलो २०० ग्रॅम" असं विकलं, तरी तेच. आमचं मत विचाराल तर १० हजारांवरच्या आणि अस्सलपणावर किंमत ठरणाऱ्या वस्तूला कार्ड नकोच.

पोचल्यावर पैसे

सीओडी, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पैसे, लिलावाला शोभत नाही. बोलीच्या गरमीत चढवलेला आकडा चार दिवसांनी कुरियरवाला दारात आल्यावर जास्त वाटू लागतो आणि माणूस पार्सल नाकारतो. जाण्या-येण्याचा टपालखर्च तुमचा, वस्तूला दोनदा प्रवास आणि तेवढ्यात दुसरा बोलीदार थंड झालेला. पोस्टाची व्ही.पी. (पार्सल सोडवताना पोस्टात पैसे भरायचे) नाणी आणि तिकिटं जमवणाऱ्यांत जुन्या ओळखीवर चालत आली आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला हजार-दोन हजारांपर्यंत ती द्यायला हरकत नाही.

परदेशातून पैसे

पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. परदेशी खरेदीदाराकडून मात्र त्यावर पैसे घेता येतात. कमिशन साधारण ४.४ टक्के आणि वर ठरावीक ३० सेंट. १२० डॉलरची वस्तू विकली तर ५ डॉलर ५८ सेंट तिथेच गेले. डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा कमी दर मिळतो, तो तोटा धरून एकूण गळती ८-९ टक्क्यांपर्यंत जाते. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू द्यायचीच नाही ती किंमत, ठरवतानाच ती गळती धरा. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. तिच्या परदेशी साइटवर विकणाऱ्या भारतीयांना पैसे पेओनियर या परदेशी पैसे घेण्याच्या सेवेच्या खात्यातून मिळतात.

पेपॅलवर खरेदीदाराला तक्रार करायला १८० दिवस असतात. विक्रेत्याला संरक्षण मिळतं, पण ते "वस्तू मिळाली नाही" आणि "हा व्यवहार मी केलाच नाही" या तक्रारींपुरतं. "सांगितली तशी नाही" यात ते नाही. आणि त्या संरक्षणाच्याही अटी आहेत. पार्सल व्यवहाराच्या पानावर दिसणाऱ्या पत्त्यावरच गेलं पाहिजे, माग काढता येईल असा क्रमांक हवा, ७५० डॉलर किंवा वर असेल तर घेणाऱ्याची सही हवी. "माझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवा" असं आलं की नाही म्हणायचं. पेपॅलने पैसे भरून "माझा माणूस मुंबईत येऊन घेऊन जाईल" हा त्याहून वाईट प्रकार. हातोहात दिलेल्या वस्तूची पोचपावती नसते. महिन्याने "मिळाली नाही" म्हणून तक्रार केली की वस्तूही गेली आणि पैसेही.

अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी खरेदीदाराकडे पुष्कळदा भारतातलं एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) असतं. त्यातून रुपयांत पैसे घ्या आणि वस्तू त्याच्या पुण्या-नाशिकच्या घरी पोचवा. हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. काही देशांतल्या मोबाइल नंबरांवरूनही अशा खात्यांचं यूपीआय चालतं. १०० वर्षांपलीकडची वस्तू असेल तर तेवढं सांगून ठेवा की पुढच्या फेरीत ती बॅगेत घालून नेणं हीसुद्धा निर्यातच.

बोली सुरू होण्याआधी लिहायचं

पैशाचे नियम बोली संपल्यावर सांगितले तर त्याला कुणी मान देत नाही. फोटोंच्या खालीच असा मजकूर टाका:

"बोली रविवारी रात्री ९ ला बंद. जिंकणाऱ्याने ४८ तासांत पूर्ण रक्कम भरावी. २५,००० पर्यंत यूपीआय, त्यावर बँक ट्रान्सफर. पैसे बोली लावणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातूनच. दुसऱ्याच्या खात्यातून आलेली रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच परत जाईल. कार्ड व सीओडी नाही. टपालखर्च आणि विमा खरेदीदाराकडे. ४८ तासांत रक्कम न आल्यास वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला, त्याच्या शेवटच्या बोलीने."

महागड्या वस्तूला विसार मागता येतो. राखीव किमतीच्या १० टक्के पुरेसा. हरलेल्यांचा विसार दुसऱ्या दिवशी परत करायचा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी फिरकत नाही. विसार घेतल्याने एक लबाडीही आटोक्यात राहते. एकच माणूस तीन नावांनी येतो, एका नावाने कमी बोली लावून ठेवतो, उरलेल्या दोन नावांनी आकडा इतका चढवतो की बाकीचे बाजूला होतात, आणि नंतर ते दोघे गायब. तुम्ही क्रमाने खाली येत तिसऱ्याला वस्तू देता, ती त्याला मातीमोल पडते. म्हणून वरचे दोघेही पळाले तर तिसऱ्याकडे जाऊ नका, लिलाव नव्याने लावा.

दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे

हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सगळ्यांत दुर्लक्षित. बोली लावली एकाने, पैसे आले भलत्याच नावावरून. "मित्राच्या खात्यातून केलेत" असं उत्तर मिळतं. खरंही असेल. पण चोरलेल्या पैशाची वस्तू करून टाकण्यासाठी जुनी चांदीची नाणी फार सोयीची असतात, कुठल्याही सराफाकडे मोडता येतात. ज्याच्या खात्यातून पैसे गेले तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करतो, तक्रार नोंदवली जाते, पैसे जिथे जिथे गेले ती खाती शोधली जातात आणि पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम अडकवते. कधी कधी अख्खं खातं गोठतं. पोलीस ठाणं दुसऱ्याच राज्यातलं असतं. लिलावाचं खातं वेगळं ठेवायचं ते याचसाठी, म्हणजे निदान घराचा हप्ता आणि लाइटबिल थांबत नाही.

नाव जुळलं नाही तर वस्तू पाठवू नका. पैसे परत करताना चॅटवर दिलेल्या नव्या नंबरवर मुळीच टाकू नका. बँकेला लेखी कळवून मूळ खात्यातच पाठवा. "चुकून ४,२०० ऐवजी ४२,००० गेले, बाकीचे या नंबरवर टाका" याचंही हेच उत्तर. आधी आपल्या उताऱ्यात ४२,००० खरंच आलेत का ते बघा, बहुतेक वेळा आलेलेच नसतात.

आणखी एक प्रकार जुन्या नोटा-नाणी विकणाऱ्यांना गाठतो. "तुमचं नाणं ५ लाखांना घेतो, रिझर्व्ह बँकेचा कर म्हणून आधी ३,००० भरा." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की ती असल्या व्यवहारात नाही आणि असं शुल्क किंवा कमिशन ती कुणाकडून घेत नाही. विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असतात असा कुठलाही लिलाव अशा फोनवर होत नसतो.

पैसे पक्के झाल्यावर

वस्तूवर अशी एखादी खूण शोधा जी दुसऱ्या नगावर असूच शकत नाही: पोचा, सांध्याचा डाग, कोरलेलं नाव. तिचा जवळून फोटो काढा. मग वजन, मग एकाच सलग व्हिडिओत खूण, पॅकिंग, चिकटपट्टी आणि पत्त्याचं लेबल. वस्तू बदलून परत आली तर हाच व्हिडिओ कामाला येतो. पार्सलवर "अँटिक" लिहू नका, "पितळी भांडं, वापरलेलं" असं खरं पण साधं लिहा. अनेक कुरियर कंपन्या पुराणवस्तूंना विमा देत नाहीत किंवा फार थोडा देतात, तेव्हा अटी वाचून मगच विम्याचे पैसे भरा. स्पीड पोस्टला ओटीपी सांगितल्यावरच पार्सल देण्याची सोय घेता येते, ती घ्या.

प्रत्येक विक्रीचं एक पाकीट किंवा फोल्डर ठेवा. त्यात बोलीच्या पानाचा फोटो, खरेदीदाराशी झालेलं सगळं बोलणं, बिल, व्यवहार क्रमांक असलेला खात्याचा उतारा, व्हिडिओ आणि पोचपावती. बँकेने रक्कम अडकवली तर आधी शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मिळवायचं, मग हेच पाकीट त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवायचं. बिलावर वस्तूचं वर्णन, खरेदीदाराचं नाव आणि तारीख नसेल तर पाकिटातल्या बाकीच्या कागदांनाही फारसं वजन राहत नाही, म्हणून १,२०० च्या पानपुड्यालासुद्धा बिल फाडा.